संध्याकाळचा स्वयंपाक दुपारी



वीज ही एकच वस्तू असली तरी दिवसाच्या वेगवेगळ्या तासांना तिची किंमत वेगवेगळी असते, आणि गेल्या काही वर्षांत या किमतींचा क्रम पार उलटा झाला आहे. पूर्वी रात्रीची वीज स्वस्त असे. कोळशाचे संच रात्री बंद करणे परवडत नाही, कारखान्यांची आणि घरांची मागणी मात्र मध्यरात्रीनंतर उतरते, म्हणून महावितरणच्या औद्योगिक ग्राहकाला रात्री १० ते सकाळी ६ या वेळातल्या वापरावर युनिटमागे दीड रुपया सूट मिळत होती. संध्याकाळी ६ ते रात्री १० या वेळात त्यालाच एक रुपया दहा पैसे जादा मोजावे लागत. २०२५ च्या दर आदेशापासून ही सूट रात्रीतून उचलून दिवसा आणली गेली. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हा आता स्वस्ताईचा काळ आहे आणि संध्याकाळी ५ नंतर महागाई सुरू होते. याचे कारण सौर वीज. दुपारी ती इतकी येते की वीज बाजारात भाव दोन-तीन रुपयांवर उतरतो, कधी त्याहूनही खूप खाली जातो. सूर्य कलला की तासा-दीड तासात ती सगळी नाहीशी होते, नेमक्या त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, एसी सुरू होतात, आणि बाजारभाव नियामकाने घातलेल्या युनिटमागे १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. २०२४ च्या मे महिन्यात देशाची मागणी २५० गिगावॉटपर्यंत पोहोचली आणि ती पुरी करता आली, कारण ती दिवसाउजेडी आली होती. अडचण आहे ती त्यानंतरच्या संध्याकाळची.

या संध्याकाळचा भार कमी करण्यात घरगुती जेवणाच्या वेळेचा वाटा किती असू शकेल, हा आजचा विषय. माझे म्हणणे असे, की रात्रीचे जेवण लोकांनी केव्हा जेवावे यात राज्याने पडू नये. परंतु ते जेवण शिजते केव्हा, हा सार्वजनिक हिताचा प्रश्न होऊ घातला आहे, आणि स्वयंपाकघर गॅसवरून विजेवर येण्याआधीच त्याचा विचार झाला पाहिजे. शिजवणे आणि जेवणे या दोन क्रिया आपण एकच धरतो. त्या वेगळ्या करता येतात, निदान काही अंशी, आणि तेवढ्या अंशाने विजेचा प्रश्नही हलका होतो.

पहिला आक्षेप लगेच येईल आणि तो रास्त आहे. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांत स्वयंपाक गॅसवर होतो. शेगडी गॅसची असताना जेवण सातला केले काय आणि दहाला केले काय, विजेच्या मागणीत फरक पडेल तो मिक्सर आणि स्वयंपाकघरातल्या दिव्याइतकाच. नऊ वॉटचा एलईडी दिवा दोन तास आधी मालवून कोणतेही वीजकेंद्र वाचत नाही. म्हणून आजच्या घडीला नुसते लवकर जेवा असे सांगणाऱ्या मोहिमेतून विजेची मोठी बचत होईल असा दावा कोणी करत असेल, तर तो मान्य करता येणार नाही. प्रश्न पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा आहे. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी सुमारे ६० टक्के आयात होतो. या परावलंबनातून बाहेर पडण्याचा एक मार्ग म्हणजे विजेवरचा स्वयंपाक, आणि शहरांमध्ये इंडक्शन शेगडी, राइस कुकर, इलेक्ट्रिक किटली ही गॅसच्या जोडीला आलीच आहेत. गॅसच्या शेगडीची कार्यक्षमता भारतीय मानकाप्रमाणे किमान ६८ टक्के असावी लागते. इंडक्शनची ८० टक्क्यांच्या पुढे जाते. हा बदल होणार, आणि व्हावाही. पण तो झाल्यावर आजच्याच वेळापत्रकाने स्वयंपाक करत राहिलो तर काय होईल, याचे गणित सोपे आहे.

एक इंडक्शन शेगडी १८०० ते २००० वॉट घेते. सरासरी दीड किलोवॉट धरू. एक लाख घरांत ती एकाच वेळी पेटली तर १५० मेगावॉट, म्हणजे टाटांच्या भिरा वीजकेंद्रातल्या उदंचन (पाणी वर चढवून वीज साठवणाऱ्या) संचाची संपूर्ण क्षमता. अर्थात सगळी घरे एकाच मिनिटाला शेगडी लावत नाहीत. अभियंते याला डायव्हर्सिटी म्हणतात, आणि वितरणाची सगळी यंत्रणा तिच्या भरवशावर बेतलेली असते. तेव्हा ऐन वेळी तीनांतली एकच शेगडी चालू असेल असे धरू. महावितरणचे घरगुती ग्राहक दोन कोटींच्या वर आहेत. त्यांतल्या फक्त ५० लाख घरांनी रात्रीचा स्वयंपाक विजेवर नेला तरी या हिशेबाने संध्याकाळच्या मागणीत २५०० मेगावॉटची भर पडते. कोयना जलविद्युत प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट आहे. आणि कोयना म्हणजे संध्याकाळच्या वेळी राज्याला सावरणारा सर्वांत मोठा आधार, काही मिनिटांत चालू होणारा. तिचे पाणीही अमर्याद नाही: पश्चिमेकडे वळवून वीज करायला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणजे नुसत्या स्वयंपाकाच्या सवयीने कोयनेपेक्षा मोठी गरज निर्माण होऊ शकते, तीही दिवसातल्या सर्वांत महाग दोन-तीन तासांत. शिवाय हा भार घरापाशी, गल्लीतल्या रोहित्रावर पडतो. राज्यात वीज मुबलक असली तरी शंभर घरांचे रोहित्र शंभर शेगड्यांसाठी बसवलेले नसते. फ्यूज जातो तो तिथे.

आता स्वयंपाकाकडेच जवळून पाहू, कारण या विषयावरच्या बहुतेक चर्चा ओट्यापर्यंत पोहोचतच नाहीत. चार माणसांच्या घरातला साधा संध्याकाळचा स्वयंपाक घ्या: वरण-भात, एक भाजी किंवा उसळ, पोळ्या. कुकरला डाळ-तांदूळ लावले की सुमारे अर्धा युनिट. भाजीला त्याहून थोडे कमी. दहा-बारा पोळ्यांना तवा अर्धा तास तापता ठेवावा लागतो, म्हणजे पुन्हा अर्ध्या युनिटच्या आसपास. एकूण सव्वा ते दीड युनिट. यातले काय हलवता येते? कडधान्य भिजवून, मोड आणून शिजवणे हे काम मुळातच वेळेच्या बाबतीत लवचिक आहे. उसळ दुपारी चारला शिजली आणि रात्री फोडणी दिली तर कोणाच्या जिभेला ते कळत नाही, उलट मुरलेली उसळ अधिक चांगली लागते. डाळ दुपारी शिजवून ठेवावी आणि वरणाला उकळी जेवताना आणावी. पोळीचे तसे नाही. तव्यावरून ताटात येणारा फुलका आणि डब्यातली पोळी यांत फरक आहे, भाकरीच्या बाबतीत तो आणखी मोठा आहे, आणि तो फरक मानणाऱ्यांना मागास म्हणण्याचे कारण नाही. भाताला तर वेगळीच काळजी हवी. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला तर त्यात विषबाधा करणारे जिवाणू वाढतात, म्हणून तो एक तर चांगला गरम राहील अशा बंद भांड्यात ठेवला पाहिजे, नाही तर लवकर निववून फ्रिजमध्ये टाकला पाहिजे. तेव्हा हलवता येण्यासारखा भाग सगळ्या स्वयंपाकाच्या निम्म्यापेक्षा थोडा जास्त. मी तेवढाच धरतो. आणि त्याच्या जोडीला स्वयंपाकाच्या वेळेला बांधलेली इतर कामे आहेत: इडली-डोशाचे वाटण, धुण्याचे यंत्र, सोसायटीच्या टाकीत पाणी चढवणारा पंप, इस्त्री. ही कामे संध्याकाळी होतात ती केवळ सवयीने.

सवय बदलत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच राज्याचा इतिहास पाहावा. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळ्या औद्योगिक वसाहती एकाच दिवशी बंद आणि एकाच दिवशी चालू राहू नयेत, म्हणून विजेच्या सोयीसाठी सुट्ट्या अशा विभागून दिल्या गेल्या, आणि लाखो कामगारांच्या कुटुंबांनी सण, लग्ने, पाहुणे हे सगळे त्या गुरुवारभोवती बसवून घेतले. त्याहून बोलके उदाहरण २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळातले आहे. ग्रामीण भागात बारा-बारा तास वीज जात असताना अक्षय प्रकाश योजना आली. गावाने मिळून ठरवायचे, की संध्याकाळच्या वेळात गिरणी, मोटारी, हीटर असली जड उपकरणे चालवायची नाहीत. त्या बदल्यात त्या वेळात दिवे आणि पंख्यांपुरती वीज अखंड मिळेल. योजनेचा सारा भार गावाच्या आपसांतल्या करारावर होता. एका घराने चोरून मोटार लावली की गावाचा दिवा जाणार, हे सगळ्यांना दिसत होते. पुढे गावठाणाच्या आणि शेतीच्या वाहिन्या वेगळ्या झाल्या आणि त्या योजनेची गरज उरली नाही, पण तिने दाखवून दिलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते: मोबदला डोळ्यांसमोर असेल आणि नियम सर्वांना सारखा असेल, तर माणसे विजेची वेळ पाळतात.

याच्या उलट, मोबदला न दाखवता केलेला वेळबदल लोक झिडकारतात. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईने ती मानली नाही. गिरणी कामगारांनी विरोध केला आणि शहराने ३९ मिनिटे मागे असलेली आपली मुंबई वेळ १९५५ पर्यंत चालू ठेवली. घड्याळ बदलण्याचा हुकूम आणि कामाची वेळ बदलण्याचा करार यांत हे अंतर आहे. म्हणून उन्हाळ्यात घड्याळ अर्धा-एक तास पुढे करा, सगळे आपोआप लवकर जेवतील, ही अधूनमधून येणारी सूचना मला पटत नाही.

अलीकडचा पुरावा ब्रिटनमधून घेता येतो. तिथली संध्याकाळची मागणी स्वयंपाकाशी पूर्वीपासून घट्ट बांधलेली आहे. ४ जुलै १९९० रोजी विश्वचषक फुटबॉलमधला इंग्लंड-पश्चिम जर्मनी उपांत्य सामना संपला तेव्हा चहाच्या किटल्यांनी आणि दिव्यांनी मागणी एकदम २८०० मेगावॉटने चढली होती. २०२२-२३ च्या हिवाळ्यात गॅसटंचाईमुळे तिथल्या ग्रिड चालवणाऱ्या संस्थेने घरांना सांगितले, की अमुक दिवशी संध्याकाळी पाच ते सहा वापर कमी करा, त्याचे पैसे मिळतील. लोकांनी जेवण आधी शिजवले किंवा उशिरा शिजवले, धुणे पुढे ढकलले. सुमारे १६ लाख घरे आणि व्यवसाय सामील झाले आणि २२ वेळांत मिळून ३३०० मेगावॉट-तास, म्हणजे ३३ लाख युनिट वीज त्या तासांतून हलली. भागाकार करून पाहिला तर नोंदणी केलेल्या घरामागे एका वेळी युनिटचा दहावा भागही येत नाही. आकडा लहान आहे आणि तो लपवू नये. सगळे नोंदणीधारक दर वेळी सामील होत नव्हते, हेही खरे. पण याच योजनेत चाचणीसाठी युनिटमागे ३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ३०० रुपयांचा हमी दर वीजपुरवठादारांना ठेवला होता, ज्यातून ग्राहकाला वाटा मिळायचा होता. आपल्याकडे स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळासाठी २०२५ मध्ये मांडलेली सवलत युनिटमागे ८० पैशांच्या घरातली आहे. वर सांगितलेला सगळाच्या सगळा दीड युनिटाचा स्वयंपाक रोज दुपारी केला तरी महिन्याला पस्तीस-छत्तीस रुपये वाचतात. एवढ्यासाठी कोणतेही घर आपली संध्याकाळ बदलणार नाही, आणि बदलले नाही तर दोष घराला देता येणार नाही. दुपारच्या आणि संध्याकाळच्या बाजारभावात टंचाईच्या दिवशी सहा-सात रुपयांचे अंतर असते. सगळी वीज बाजारातून घेतली जात नाही हे मान्य. पण ज्या शेवटच्या युनिटसाठी संध्याकाळी धावाधाव होते त्याची किंमत तीच असते. ते युनिट वाचवणाऱ्या घराला त्यातला रुपयाही मिळू नये, हा माझ्या मते आजच्या दररचनेतला सर्वांत मोठा दोष आहे.

यापुढचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. दुपारी चार वाजता घरी असते कोण? कर्जत-कसाऱ्याहून मुंबईला जाणारी बाई रात्री साडेआठला घरात शिरते, आणि मग कुकर लावते. तिला दुपारी स्वयंपाक करा असे सांगणे क्रूर आहे. जी घरी आहे तिच्याही बाबतीत पाहा: केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात, घरकामात भाग घेणाऱ्या पुरुषाची ८८. स्वयंपाकाचे दोन तुकडे केले, अर्धा दुपारी आणि अर्धा रात्री, तर तिची मधली मोकळी दुपारही जाते, आणि वीज कंपनीची बचत तिच्या विश्रांतीतून निघते. या आक्षेपाला उत्तर देता आले नाही तर हा विषयच सोडून द्यावा, इतका तो मला महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर दोन ठिकाणी आहे. एक, वेळ लावून ठेवता येणारी साधने. सकाळी डाळ-तांदूळ-पाणी घालून दुपारी साडेतीनला आपोआप चालू होणारा आणि नंतर न तापवताही उष्णता धरून ठेवणारा कुकर ही काही दुर्मीळ वस्तू नाही. पण तिची किंमत मध्यमवर्गाच्या खालच्या घरांना परवडत नाही. एलईडी दिवे सरकारी खरेदीमुळे ज्या रीतीने स्वस्त झाले त्या रीतीने हीही साधने होऊ शकतात. दोन, घराबाहेर शिजणारे अन्न. मुंबई, ठाणे, पुणे इथल्या पोळी-भाजी केंद्रांवर संध्याकाळच्या गिऱ्हाइकासाठीचे काम दुपारीच सुरू होते. ऑफिसातून परतणारी माणसे तिथून डबा घेऊन पुढे जातात. हा स्वयंपाक आधीच दुपारकडे सरकलेला आहे आणि तो पगारी काम आहे. वसतिगृहे, आश्रमशाळा, रुग्णालये, देवस्थानांची अन्नछत्रे यांचेही तेच. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ सौर परावर्तकांवर वाफ करून हजारोंचा स्वयंपाक शिजवण्याची व्यवस्था बसवली गेली. मोठ्या स्वयंपाकघराला उन्हाच्या वेळेशी जुळवून घेता येते, हे सांगायला आणखी दाखल्याची गरज नाही. म्हणून सुरुवात घरापासून करू नये, या सामुदायिक स्वयंपाकघरांपासून करावी, आणि बचत गटांच्या पोळी-भाजी केंद्रांना दुपारच्या विजेचा सर्वांत सवलतीचा दर द्यावा.

सगळेच दुपारी सरकले तर तिथे नवी गर्दी होईल, ही शंका ५ एप्रिल २०२० ची आठवण असणाऱ्यांना येणारच. त्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे घालवण्याच्या आवाहनाने देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरली आणि लगेच परत चढली. जलविद्युत केंद्रांनी ती उडी झेलली. एका ठोक्याला सर्वांनी एकच गोष्ट करणे ग्रिडला मानवत नाही. परंतु सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हा आठ तासांचा पट्टा आहे. एक ठरलेला क्षण नसल्यामुळे त्यात डायव्हर्सिटी आपोआप राहते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीपंपही दिवसाकडे येत आहेत, तिचे उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटचे आहे. पण त्यांना वीज त्याच योजनेतल्या सौर प्रकल्पांतून मिळायची आहे आणि पावसाळ्यात त्यांची मागणी उतरते. दुपारी जागा आहे.

राहिला बॅटरी आणि उदंचन यांसारख्या साठवणीचा मुद्दा. साठवण स्वस्त होत आहे, मग माणसांना त्रास कशाला? साठवण हवीच, आणि ती आली की स्वयंपाक हलवण्याची किंमत काहीशी उतरेल, हे कबूल केले पाहिजे. तरी घाटघरसारख्या उदंचन प्रकल्पात पाच युनिट खर्चून चारच्या आसपास परत मिळतात. असे नवे प्रकल्प सह्याद्रीच्या माथ्यावर धरणे आणि जंगल मागतात. उष्ण रात्री एसीचा भार मध्यरात्रीपर्यंत चालतो, आणि तो कोणत्याही वेळापत्रकाने हलत नाही. साठवलेली वीज त्या न हलणाऱ्या भारासाठी राखली जावी आणि हलू शकणारी उसळ उन्हात शिजावी, यात मला विरोध दिसत नाही.

हे सगळे अजून कागदावरचे गणित आहे, म्हणून पुढची पायरी मोजणीची असावी. शहरातल्या एका आणि ग्रामीण गावठाणाच्या एका वाहिनीवर, उन्हाळ्याचे चार महिने, इच्छुक घरांना वेळ लावता येणारे कुकर द्यावेत आणि दुपार-संध्याकाळच्या दरांतले खरे अंतर बिलात दाखवावे. शेजारच्या तशाच वाहिनीवर काहीही बदलू नये. दोन्हींच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी प्रसिद्ध कराव्यात, आणि त्या घरांतल्या स्त्रियांच्या कामाच्या तासांचीही नोंद त्याच काटेकोरपणे ठेवावी. संध्याकाळचा भार उतरला पण त्यांचे तास वाढले, असे दिसले तर योजना नापास समजावी. असा प्रयोग मंजूर करण्याचा अधिकार महाराष्ट्र वीज नियामक आयोगाकडे आहे. दराच्या याचिकांवर आयोग जाहीर सुनावणी घेतो, तिची सूचना वर्तमानपत्रांत येते, याचिकेचा सारांश मराठीत मिळतो. त्या सुनावण्यांना आजवर बहुतांश उद्योगांचे प्रतिनिधी आणि मोजक्या ग्राहक संघटना जात आल्या आहेत. पुढच्या सुनावणीत गृहिणींच्या संघटनांनी, बचत गटांनी आणि पोळी-भाजी केंद्रे चालवणाऱ्यांनी ही मागणी लेखी नोंदवावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.